टोळाचा साचा

प्रिय धाकट्या,

'प्रिय' लिहिताना पेन जरा अडखळलं, खोटं कशाला बोलू. पण पत्र असंच सुरू करायचं हे आईने शिकवलंय, आणि कितीही डोकं फिरलं तरी मी माझ्या भावाला 'महोदय' लिहिणार नाही. अक्षर वाकडंतिकडं दिसेल. डावा हात गळ्यात बांधलाय, गळ्याखालचं हाड मोडलंय. कागद धरायला दुसरा हात नाही म्हणून त्यावर एक पाना ठेवलाय आणि ओळ संपली की तो खाली सरकवतेय. खोकला आला की डोळ्यांपुढे काजवे चमकतात. बाकी मी ठीक आहे. म्हणजे तोंड शाबूत आहे, आणि माझं तोंड शाबूत असलं की आजूबाजूच्यांचं काय होतं ते तुला माहीत आहे. सगळं गाव दवाखान्यात येऊन भेटून गेलं. ज्यांना मी जन्मात कधी चहा विचारला नाही तेसुद्धा फळं घेऊन आले. तू तेवढा आला नाहीस. का, ते मी विचारत नाही. आधी बाकीचं सांगते, मग त्याच्याकडे येते.

कारखाना पुन्हा उघडतेय असं मी सांगितलं होतं तेव्हा तू कपाळावर हात मारून हसला होतास. म्हणालास, ताई, मेल्या म्हशीला मणभर दूध, म्हणून तुला बाबांचं विमान एवढं भारी वाटतंय. मी चिडले, पण तुझं अर्धं खरं होतं. बंद पडलेल्या वस्तूचं कौतुक करायला काही लागत नाही. टोळ मात्र मेला नव्हता. बाबांनी केलेल्यांपैकी काही अजून उडत होते, ठिगळं लावलेले, इंजिनं बदललेले, वरच्या गावांना औषधं आणि माणसं नेत-आणत. जाड टायर, रुंद पंख, आणि वेग कमी झाला की पंखाच्या पुढच्या कडेतून आपोआप बाहेर येणाऱ्या त्या पट्ट्या. आपल्या गोदामाच्या लांबीएवढी जागा मिळाली की नदीच्या गोट्यांवरून उडी मारल्यासारखा वर जातो. म्हणून तर त्याचं कागदावरचं नाव कोणाच्या लक्षात राहिलं नाही, टोळ तेवढं राहिलं. असलं विमान नंतर कोणी केलंच नाही. मोठ्यांना परवडत नाही आणि छोट्यांना जमत नाही. वर रस्ता बंद झाला की बाळंतीण असो, छातीत कळ आलेला म्हातारा असो, जो असेल तो मरतो. उरलेले टोळही एकेक करून बंद पडले, आणि एक दिवस ते चालवणारी वैमानिकबाई माझ्या स्वयंपाकघरात येऊन ओरडली की, तुमच्या बापाने केलेलं शेवटचं विमानही आता सुटं पडायला आलंय, मी माणसं कशातून आणू, टोपलीतून? त्याच दिवशी मी कारखान्याचं कुलूप तोडलं. किल्ली सापडेना म्हणून खरोखरच तोडलं, घणाने.

आत सगळ्यावर गंज चढला होता, पण साचा जागच्या जागी उभा होता. तुला त्याचं वर्णन काय सांगू. माणसाच्या उंचीची ती कळकट लोखंडी चौकट, जिच्यावरून टोळाच्या पंखांची आणि अंगाची जोडणीची भोकं पाडायची. नकाशे आहेत, पण ते चुकीचे आहेत. पहिली विमानं करताना बाबांनी आणि मिस्त्रीकाकांनी जे जे सुधारलं ते लोखंडात सुधारलं, कागदावर नाही, कारण बाबांना कागदाचा कंटाळा आणि काकांना बाबांचा धाक. त्यामुळे कारखाना म्हणजे तो साचाच. छप्पर उडालं तर दुसरं घालता येतं, यंत्रं नवी आणता येतात. बाबा म्हणायचे, आग लागली तर आधी साचा बाहेर काढा, मग मला काढा, पोरं काय आपली आपण पळतील. आपण दोघं हसायचो. मोठं झाल्यावर कळलं की ते गंमत करत नव्हते.

आता जे लिहितेय ते तुझ्याइतकं कोणालाच माहीत नाही, तरी लिहिते, कारण त्यावाचून पुढचं लिहिता येणार नाही. पत्रे जोडणारी ती रिव्हेटची खिळी ठोकताना पत्र्याच्या बाहेर मारणारा, आत वाकून तिच्या टोकाला लोखंडी ठोकळा धरणारा. एकमेकांना दिसत नाहीत, आवाजात हाक पोचत नाही. म्हणून मारणाऱ्याने आधी दोनदा ठोकायचं. आतून एक ठोका आला तर मारायचं. भराभर ठोके आले तर थांबायचं, आत हात आहे. पलीकडे कोणी असो वा नसो, ठोकल्याशिवाय लोखंडावर घाव घालायचा नाही. आपल्या कारखान्याबाहेर कुठे ही रीत मी पाहिली नाही. शाळा सोडून तू कामाला लागलास आणि एकदा न ठोकता मारलंस. आत मिस्त्रीकाकांचं बोट होतं, त्याचं नख उडालं. बाबांनी तुझं मनगट धरलं, तुझी बोटं पत्र्यामागे दाबली, शांतपणे दोनदा ठोकलं, आणि तुझ्या किंकाळीलाच उत्तर समजून मारलं. मी मध्ये पडले तेव्हा त्यांचं कोपर माझ्या तोंडावर बसलं आणि पुढचा दात गेला. काका स्वतःचं रक्ताळलेलं बोट मुठीत धरून बाबांचे पाय धरत होते, पोराला सोडा म्हणून. तुझी दोन बोटं वाकडी राहिली ती राहिलीच. त्यानंतर तू भिंतीत खिळा मारायचा असला तरी आधी दोनदा ठोकायचास. मी चिडवायचे, भिंतीतल्या पालीला विचारतोस का रे? तू कधी हसला नाहीस.

ते जाऊ दे. आम्ही पहिला पंख केला आणि मोडला, त्या दिवशी तू आला होतास. पहिला पंख उडवायचा नाही, मोडायचा, हीसुद्धा बाबांचीच रीत. उलटा बसवून त्यावर वाळूची पोती रचत जायची, तो फुटेपर्यंत. पोती चढत होती आणि पंख वाकत होता, मग आतून कुरकुर यायला लागली, आणि सगळे भिंतीला चिकटले. फुटला तो एवढ्या मोठ्याने की वेल्डर खाली बसला, आणि एक तुकडा उडून माझ्या कानाजवळून खिडकीची काच घेऊन गेला. बाबांच्या पंखाने घेतली होती त्याच्याहून जास्त पोती घेऊन फुटला, धाकट्या! आम्ही वेड्यासारखे ओरडत होतो, एकमेकांना मारत होतो, मिस्त्रीकाका मोडक्या पंखाला मिठी मारून बसले होते. तू फाटकाबाहेर ट्रकला टेकून उभा होतास. मी हाक मारली, आत ये म्हटलं. तू थुंकलास आणि ट्रकमध्ये चढून निघून गेलास. मला वाटलं, आज राग आहे, उद्या येईल. मी कायमच असं काहीतरी वाटून घेत आले.

तुझा मालक मात्र हसतमुख माणूस. वरच्या गावांना जायला एक रस्ता, त्यावर त्याचेच ट्रक, आणि त्याच्या ड्रायव्हरांवर मुकादम तू. टोळ पुन्हा बनायला लागले तर त्याच्या पोटावर पाय येणार हे समजायला शहाणपण लागत नाही. आधी आमच्या गाडीचे टायर फाडले गेले. मग एक वीट खिडकीतून आली आणि वेल्डरच्या कपाळावर बसली. डोळा थोडक्यात वाचला. त्यानंतर तुझ्या मालकाने मला बाजारात गाठलं आणि गोड आवाजात सांगितलं, बाई, उडणारी माणसं पडतात. मी म्हटलं, चालणारीही पडतात, दाखवू का? आणि हातातला पाना त्याच्या गाडीच्या काचेवर घातला. भाजीवाल्याने मला मागून धरलं नसतं तर दुसरा घाव काचेवर पडला नसता. बाबांचं रक्त एकट्या तुझ्यातच आहे असं समजू नकोस.

त्याच आठवड्यात रंगाऱ्याशी वाजलं. पत्रा न घासता त्याने रंग मारला, मी बोलले, तो उलटून बोलला. मी त्याच्या डब्याला लाथ घातली. सगळा पिवळा रंग त्याच्या पायजम्यावर. त्याला हाकलून दिलं तेव्हा तो सगळ्यांसमोर फाटकातून ओरडत गेला, ह्या कारखान्याची राख करतो बघ. कोणी मनावर घेतलं नाही. रंगाऱ्याची जीभ लांब आणि हात आखूड, डबा उघडायलासुद्धा त्याला दुसरा माणूस लागतो. पण ते शब्द अख्ख्या गल्लीने ऐकले, आणि पुढे त्यांचंच दोरखंड झालं.

तो दिवस सुट्टीचा, भर दुपारची वेळ. कारखान्यात मी आणि मिस्त्रीकाका दोघंच. काका साच्यामागे फळीवर आडवे पडून, चौकट आणि जोडणीच्या मधल्या फटीत हात घालून एक बोल्ट आवळत होते. पत्र्याआड होते, दारातून दिसत नव्हते. तिघे जण आत आले. डोक्यावर काळ्या काचांची हेल्मेटं, हातात गज, एकाजवळ घण. मला वाटलं कोणी चेष्टा करतंय. पहिला गज माझ्या गळ्याखाली बसला तेव्हा हाड मोडल्याचा आवाज मला आतून ऐकू आला. मी बाकाखाली पडले, दुसऱ्याने पोटात लाथ घातली, मला उलटी झाली आणि मी तिच्यातच पडून राहिले. दिवे फोडले. संगणक उचलून जमिनीवर आपटले, त्यावर नाचले. इंजिन ठेवलेली उभी घोडी ढकलून दिली, ते एवढं इंजिन तोंडावर आपटलं, तेल माझ्या केसांपर्यंत वाहत आलं. काका श्वास रोखून पडले होते. हात काढायला जावं तर पाना खाली पडून आवाज होणार, म्हणून हात तसाच आत. मग घणवाला साच्याकडे वळला. एका घावात चौकट वाकली आणि काकांचा हात तिच्यात राहिला. ते ओरडले तसे दुसरे दोघे दचकून पळाले. घणवाला घण तिथेच टाकून त्यांच्यामागे गेला. चौकट कापून काकांना सोडवायला वेल्डर येईपर्यंत ते शुद्धीवर होते, धाकट्या. माझं नाव घेऊन ते मला धीर देत होते. डॉक्टरांनी हात मनगटाच्या वर कापला. उजवा.

फौजदार रोज दवाखान्यात यायचे. कोणाला ओळखलंत का? मी नाही म्हणायचे. काकांना विचारलं, ते म्हणाले, तोंडं झाकलेली होती साहेब. आमच्या दोघांच्या खाटांमध्ये एक पडदा होता. पडद्याच्या एका बाजूला मी मूग गिळून पडलेली, दुसऱ्या बाजूला ते. फक्त एकदा ते पडद्यातून हळूच म्हणाले, ताई, माझा हात गेला तो गेला, आता कोणाचा जन्म नको जायला. मी भिंतीकडे तोंड करून उशी चावत राहिले.

आणि मग त्यांनी रंगाऱ्याला उचललं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते मी पुस्तकात वाचलं होतं, डोळ्यांनी आता पाहिलं. राख करतो असं तो ओरडल्याचं सांगायला अर्धी गल्ली तयार होती. चौकीत त्याला उलटा टांगून तळपायांवर मारत होते. हे मला दवाखान्याच्या झाडूवालीने सांगितलं, तिचा नवरा चौकीत झाडतो. मग रंगाऱ्याची बायको आली. सरळ माझ्या खाटेशी आली आणि माझ्या थोबाडीत मारली. मी पडले होते तरी मारली, आणि बरं केलं. म्हणाली, त्याला रंगाचा डबा उघडत नाही, तो घण उचलणार होय? तुला माहीत आहे कोण होतं ते. तुझ्या तोंडावर लिहिलंय. नर्सने तिला ओढत बाहेर नेलं. जाताना तिची चप्पल माझ्या खाटेखाली राहिली. परवा मला घरी सोडलं त्याच दिवशी कळलं, रंगाऱ्याने कबूल केलं. हो म्हणाला, मीच केलं. स्वतःच्या पायांवर उभं राहणं त्याला जमत नव्हतं, आणखी दोन घाव बसले असते तर गावची नदीही आपणच आटवली म्हणाला असता.

आता ते लिहिते जे मी पोटात ठेवलं होतं. घणवाला साच्याशी गेला, घण उचलण्याआधी त्याने दांड्याने लोखंडावर दोनदा ठोकलं.

मी बाकाखालून पाहत होते. तिथे कोणी विचारणारं नव्हतं, उत्तर देणारं कोणी आहे हे त्याला माहीत नव्हतं, तरी ठोकलं. आणि आतून उत्तर आलं. काकांनी मोकळ्या हातातला बोल्ट पत्र्यावर भराभर वाजवला. त्यांनी विचार केला नव्हता. हात आत असताना दोन ठोके ऐकू आले की काय करायचं, ते त्यांच्या हाडात बसलेलं. आणि तू थांबलास. घण डोक्यावर, आणि तू थांबलास, धाकट्या. एक पूर्ण श्वास मी घेतला तेवढा वेळ. दुसऱ्या कोणी ते ठोके ऐकून घण वर रोखून धरला नसता. दुसऱ्या कोणाला ती खडखड म्हणजे उंदीर वाटला असता. तुला कळलं की आत हात आहे, आणि हेही कळलं की कोणाचा, कारण त्या साच्यामागे आणखी कोण पडणार? मग तू मारलंस.

तू न थांबता मारलं असतंस तर मी स्वतःची समजूत घातली असती. त्याला काय माहीत आत कोण आहे, असं म्हणून मी जन्मभर गप्प बसले असते, तू ओळखतोस मला. मालकाने पाठवलं म्हणून तू आलास, पण साच्याकडे तू स्वतःच्या पायांनी गेलास. बाकीचे दोघे काचा फोडण्यात गुंग होते. त्या कळकट चौकटीवर घाव घातला की कारखाना संपतो, हे आपल्या घरातल्या माणसाशिवाय कोणाला सुचणार होतं? कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात तो असा. तुला बाबांना मारायचं होतं, हे मला कळतं. ते मरून गेले, हाताला लागायचे राहिले, साचा तेवढा लागला. आग लागली तर आधी साचा, पोरं नंतर. मीसुद्धा कितीदा त्याच्यावर थुंकायचं मनात आणलंय. लोखंडच फोडून गेला असतास तर मी तुला आईवरून शिव्या दिल्या असत्या आणि मग दार लावून घेऊन तुझ्याबरोबर रडले असते. पण काकांनी तुझं काय घोडं मारलं होतं? तुझ्या बोटांसाठी तेव्हा बाबांचे पाय धरणारा तो एकच माणूस होता. त्यांचा हात आत आहे हे तुला कळलं आणि तरी तू मारलंस, आणि त्या क्षणी तू हुबेहूब बाबांसारखा उभा होतास. खांदे, मान, सगळं तेच. हे लिहून मी तुला मारतेय, मला माहीत आहे. मारायचंच आहे मला. आणि त्याच वेळी तुझ्या वाकड्या बोटांना तेल चोळून द्यावंसंही वाटतंय, थंडीत ती दुखतात. माझं काय करायचं ते मलाच कळत नाही.

एक ऐकून घे, कारण हे तुला तुझा मालक सांगणार नाही. टोळ होणार आहे. वैमानिकबाईने आपलं विमान काल कारखान्याच्या दारात आणून उभं केलं आणि म्हणाली, उकला हे. शेवटचं उडणारं विमान, आणि ती म्हणते, त्याचे पंख सोडा, भोकं मोजा, नवा साचा करा, तोवर वरची माणसं खाटेवर घालून मी खांद्यावर आणीन. काकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, डाव्या हाताने कानस चालते का बघतो. मी त्यांच्यासमोर नाही रडले. बाहेर जाऊन भिंतीवर डोकं आपटलं.

आता हे पत्र कशाला, ते. काल मी चौकीत जाऊन तुझं नाव सांगितलं. ठोक्याचं सगळं सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं, मी सही केली. काकांना आधी विचारलं होतं, ते तोंड फिरवून म्हणाले, रंगाऱ्यालाही पोरं आहेत. त्याला संध्याकाळी सोडलं, दोघांनी उचलून घरी नेलं. फौजदार आत्ता माझ्या बाहेरच्या खोलीत बसलेत, चहावर चहा घेत घड्याळ बघतायत. त्यांना सकाळीच तुझं दार फोडायचं होतं. पण मालकाने दिलेलं पिस्तूल तू उशाशी ठेवतोस, हेही मीच त्यांना सांगितलं, आणि दार फुटलं की तू काय करशील आणि मग ते काय करतील हे मला न सांगताच दिसत होतं. म्हणून मी भांडून एवढा वेळ मागून घेतला. तोंडाने बोलायला आले असते, पण आपण समोरासमोर आलो की दुसऱ्या वाक्याला हात उठतो, आणि आज ते परवडणारं नाही. हे पत्र मीच तुझ्या दाराखालून आत सरकवणार आहे. तू वाचत असशील तेव्हा मी दाराबाहेर जिन्याच्या वरच्या पायरीवर बसलेली असेन. पोलीस माझ्या मागे, खाली जिन्यात. मी उठल्याशिवाय ते वर येणार नाहीत, आणि मला उठवायचं तर त्यांना माझं दुसरं हाड मोडावं लागेल. उशाशी आहे ते तिथेच राहू दे. कडी काढ. दार उघडशील तेव्हा समोर मी असेन, बाबा नसतील.

तुझीच,
ताई